जुन्या नावाखाली नवा गळा

इंग्लंडमधील 'येस' या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडने 2011 च्या मध्यावर 'फ्लाय फ्रॉम हिअर' हा अल्बम प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या आधीच्या अल्बमला दहा वर्षे होत आली होती आणि मधल्या काळात बँडचा आवाजच बदललेला होता. बासगिटारवादक ख्रिस स्क्वायर याच्यासोबत ज्याने 1968 मध्ये हा बँड उभा केला, तो गायक जॉन अँडरसन या अल्बमवर नव्हता. त्याच्या जागी कॅनडाचा बेन्वा डेव्हिड गात होता, आणि 'येस'च्या चाहत्यांना डेव्हिडची तोपर्यंतची ओळख होती ती मुख्यतः 'येस'चीच गाणी हुबेहूब सादर करणाऱ्या एका बँडचा गायक म्हणून. अल्बमवर जी चर्चा झाली ती संगीतापेक्षा नावाची अधिक झाली. अँडरसन नसेल तर याला 'येस' म्हणायचे का, असे लोक विचारत राहिले आणि आजही विचारतात. मला हा प्रश्न गैरलागू वाटतो. नवा गायक आणण्यात काही वावगे नाही. त्याला जुन्या गायकाची सावली म्हणून उभे करणे आणि गरज संपल्यावर त्याचा आवाजच पुसून टाकणे यात वावगे आहे, आणि या व्यवहारात बँडइतकाच श्रोत्यांचाही वाटा आहे. मराठवाड्यात बसून परक्या बँडची ही उठाठेव करण्याचे कारण असे की, गाणारा बदलला तरी गाणे कसे चालते ठेवावे याचे शहाणपण आपल्याकडे काही शतकांचे आहे, आणि तरीही आपल्या मंडपांतून आणि मंचांवरून आपण तेच करीत आहोत, जे 'येस'च्या बाबतीत आपल्याला खटकायला हवे.

प्रोग्रेसिव्ह रॉकविषयी दोन शब्द आधी सांगावे लागतील. 1960 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील काही तरुण वादकांना तीन मिनिटांचे गाणे अपुरे वाटू लागले. त्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीतातील अनेक खंडांच्या दीर्घ रचनांचा आराखडा उचलला, त्यात जाझची लयकारी, ऑर्गन, मेलोट्रॉन आणि पुढे सिंथेसायझर आणले, आणि मध्येच मात्रांचा हिशेब बदलणाऱ्या, ऐकणाऱ्याला ताल धरू न देणाऱ्या लांबलचक रचना बांधल्या. 'येस'च्या 1972 मधील 'क्लोज टू द एज' या अल्बमच्या पहिल्या बाजूवर एकच रचना आहे आणि ती अठरा मिनिटांहून मोठी आहे. (लातूरसारख्या शिकवणी वर्गांच्या शहरात ती सलग ऐकायला दोन तासिकांमधली सुटीही पुरत नसे.) या संगीताचा दावा असा होता की येथे रचना मोठी आणि व्यक्ती लहान, गायकाचा गळा हे इतर वाद्यांसारखेच एक वाद्य. दावा पूर्णपणे खरा असता तर गायक बदलल्याने फारसे काही बिघडायला नको होते. पण बहुतेक ठिकाणी गायक बदलला की श्रोत्यांमध्ये उभी फूट पडली. रचनेचा अभिमान बाळगणाऱ्या या रसिकांचा जीव प्रत्यक्षात एका गळ्यात अडकलेला होता, हे त्यातून उघड झाले.

अँडरसनचा गळा होताच तसा. पुरुषाच्या आवाजात सहसा न सापडणारी उंची त्याला जोर न लावता गाठता येत असे आणि 'येस'ची सगळी स्वररचना त्या उंचीच्या भरवशावर उभी होती. 2008 मध्ये त्याला श्वसनाचा गंभीर त्रास झाला, रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि बँडच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त आखलेला दौरा रद्द झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस उरलेले सभासद डेव्हिडला घेऊन दौऱ्यावर निघाले. स्क्वायरने त्याला इंटरनेटवरील चित्रफितींत पाहून हेरले होते. आपल्या आजारपणात आपल्याला डावलले गेले, ही नाराजी अँडरसनने जाहीरपणे व्यक्त केली आणि ती रास्त होती. पुढे तीन-साडेतीन वर्षांनी डेव्हिडलाही श्वसनाचाच आजार जडला आणि 2012 मध्ये त्याच्या जागी जॉन डेव्हिसन आला. हाही 'येस'ची गाणी गाणाऱ्या दुसऱ्या एका बँडमध्ये गाऊन आलेला होता. या आजारांचा दोष गाण्यांवर टाकणे योग्य होणार नाही. परंतु त्या जागेची व्याख्या कशी केली गेली होती ते यातून दिसते: ठरावीक उंची गाठणारा गळा हवा, तो थकला की तशाच मापाचा दुसरा.

आपल्याकडच्या भजनात याच्या नेमके उलट घडते. भजनी मंडळ बसले की पहिली गोष्ट ठरते ती गाणाऱ्याची पट्टी. पेटीवाला विचारतो, बुवा 'काळी दोन' किंवा 'पांढरी चार' म्हणून सांगतात, पखवाजी त्या सुराला पखवाज मिळवून घेतो आणि मग अभंग सुरू होतो. तोच अभंग काल दुसऱ्या कोणी वरच्या पट्टीत गायला असेल, तर आजच्या बुवांनी तेथवर चढून दाखवावे अशी अपेक्षा कोणी करीत नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांनी 1599 मध्ये देह ठेवला. त्यांचा आवाज कसा होता याची चौकशी नाथषष्ठीला जमणाऱ्या लाखो वारकऱ्यांपैकी कोणी करीत नाही. 'विंचू चावला' म्हणणारा प्रत्येक जण ते स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या हातवाऱ्यांसह आणि गावानुसार बदलणाऱ्या पदरच्या कोट्यांसह म्हणतो, आणि रचना कोणाची हे नाथांच्या 'एका जनार्दनी' या मुद्रेने सांगून टाकलेले असते. सिल्लोड तालुक्यातील निरंजन भाकरे यांच्या भारुडाला गर्दी होत असे, ती ते नाथांसारखे गातात म्हणून होत नसे. रचनेवर कर्त्याची मुद्रा आणि गाण्यावर गाणाऱ्याचा हक्क अशी वाटणी येथे आधीच झालेली असल्यामुळे नव्या गळ्याला कोणाची जागा चोरल्यासारखे वाटण्याचे कारण उरत नाही.

ध्वनिमुद्रणाने ही वाटणी मोडली, हे मान्य केले पाहिजे. एकदा एक गळा तबकडीवर कायमचा उतरला की तोच त्या गाण्याची मुद्रा होऊन बसतो आणि नंतरचा प्रत्येक जण त्याच्याशी ताडून पाहिला जातो. 'येस'च्या इतिहासात हे दोनदा घडले आणि पहिल्या वेळी त्याची झळ ज्याला लागली तो पुढे दुसऱ्या वेळी सूत्रधार झाला. म्हणून ती हकिगत थोडी सविस्तर सांगतो.

1980 मध्ये अँडरसन पहिल्यांदा बँड सोडून गेला, तेव्हा 'द बगल्स' या जोडगोळीतील ट्रेव्हर हॉर्न गायक म्हणून आणि त्याचा जोडीदार जेफ डाउन्स कीबोर्डवादक म्हणून 'येस'मध्ये आले. त्यांनी केलेला 'ड्रामा' हा अल्बम माझ्या मते उत्तम आहे. पण दौऱ्यावर हॉर्नला अँडरसनची जुनी गाणी अँडरसनच्या उंचीवर गावी लागली. त्याचा गळा त्या जातीचा नव्हता, रोज रात्री ओढाताण होई, श्रोते ती बोलून दाखवीत, आणि 1981 च्या सुरुवातीलाच तो बँड विस्कटला. हॉर्न गायनाचा नाद सोडून ध्वनिमुद्रणाच्या निर्मितीकडे वळला आणि त्या क्षेत्रात फार मोठा झाला. 'येस'चा 1983 चा गाजलेला '90125' हा अल्बमही, ज्यात अँडरसन परतला होता, त्यानेच घडवला. तीस वर्षांनी 'फ्लाय फ्रॉम हिअर'च्या निर्मितीची सूत्रे पुन्हा त्याच्याकडे आली. अल्बमच्या केंद्रस्थानी असलेली चोवीसेक मिनिटांची, अनेक खंडांची रचना ही हॉर्न आणि डाउन्स यांच्या 1980 च्या सुमारास केलेल्या एका गाण्याचा विस्तार होती. म्हणजे नव्या गायकाच्या पुनरागमनी अल्बममध्ये नवा गायक जे गात होता, त्याचा गाभा तो येण्यापूर्वी तीस वर्षे तयार होता. डेव्हिडचा रचनेतील वाटा 'इनटू द स्टॉर्म' या शेवटच्या गाण्यापुरता आहे, आणि तोही अनेकांतील एक म्हणून.

तरीही अल्बम चांगला झाला. स्क्वायरचा बास जागोजागी पूर्वीच्या ताकदीने वाजतो, स्टीव्ह हाऊची गिटार नेहमीसारखी चपळ आहे, आणि डेव्हिड आपले काम नेकीने करतो. त्यात अँडरसनची आठवण करून देणाऱ्या जागा आहेत तशा ती विसरायला लावणाऱ्याही आहेत, आणि दुसऱ्या प्रकारच्या जागा अधिक चांगल्या आहेत.

2018 मध्ये बँडच्या पन्नासाव्या वर्षी हाच अल्बम 'रिटर्न ट्रिप' असे उपनाव जोडून पुन्हा आला. वादन बहुतांशी तेच, ध्वनिमिश्रण नवे, एक गाणे वाढवलेले, आणि डेव्हिडचे गायन काढून त्या जागी हॉर्नचे. स्क्वायरचा मृत्यू 2015 मध्ये झाला होता, त्यामुळे ज्याने डेव्हिडला आणले तो आता नव्हता. हॉर्नची बाजू समजण्यासारखी आहे: रचना त्याची, 1980 मध्ये नीट न फळलेला डाव त्याला पुरा करायचा होता, आणि जुनी आवृत्ती काही बाजारातून नाहीशी झालेली नव्हती. कायद्याने यात काही गैर नसेल. पण श्रोत्यांमधून जी प्रतिक्रिया उमटली, की आता कुठे हा अल्बम 'खरा' झाला, ती मला क्रूर वाटते. ज्या माणसाला, तो अँडरसनसारखा गातो म्हणून, आत घेतले, अँडरसनइतका नाही म्हणून नाके मुरडली, आजारी पडल्यावर बदलले, त्याचे 'येस'मधले एकमेव मोठे काम त्याच्याशिवाय अधिक चांगले आहे असे म्हणणे म्हणजे त्याने तीन वर्षे जागा धरून ठेवली एवढेच त्याचे कर्तृत्व ठरवणे होय. स्वतः हॉर्नला 1980 मध्ये याच मापाने मोजले गेले होते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

याला दुसरा मार्ग नव्हता असे कोणी म्हणेल, तर 'मॅरिलिअन' या इंग्लंडमधल्याच प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचे उदाहरण समोर आहे. 1988 मध्ये फिश हा त्यांचा गायक बाहेर पडला. तो नुसता गायक नव्हता. बँडचे शब्द त्याचे, रंगमंचावरचे व्यक्तिमत्त्व त्याचे, चार अल्बमांचे यश बरेचसे त्याच्या नावावर. त्याच्या जागी आलेला स्टीव्ह होगार्थ आवाजाने, शरीराने, लिहिण्याच्या रीतीने सर्वस्वी वेगळा होता आणि बँडने त्याला फिश व्हायला सांगितले नाही. 1989 च्या 'सीझन्स एंड'पासून तो शब्द आणि चाली घेऊन आत आला. बँडची बाजारातील पत पुढे काही काळ घसरली हे खरे. पण 1997 मध्ये अमेरिकेचा दौरा परवडत नाही असे त्यांनी सांगितले तेव्हा तेथील चाहत्यांनी आपसांत सुमारे साठ हजार डॉलर जमवून तो घडवून आणला, आणि 2001 चा अल्बम बारा हजारांवर चाहत्यांनी आगाऊ पैसे भरून करवून घेतला. हे श्रोते जुन्या आवाजाच्या आठवणीसाठी पैसे मोजत नव्हते. होगार्थ आज तीन तपांनंतरही त्या बँडचा गायक आहे आणि त्याला 'नवा' म्हणणारे आता थोडेच उरले असतील.

'जेनेसिस' या तशाच इंग्लिश बँडने हे दोन्ही प्रकार अनुभवले. 1975 मध्ये त्यांचा गायक पीटर गेब्रियल गेल्यावर बाहेरच्या अनेक गायकांची चाचपणी करून शेवटी ड्रम्सच्या मागे बसलेला फिल कॉलिन्सच पुढे आला; तो आतलाच होता, रचनांत त्याचा हात होता, आणि 1976 चा 'अ ट्रिक ऑफ द टेल' सहज स्वीकारला गेला. कॉलिन्स गेल्यावर 1997 मध्ये रे विल्सन या स्कॉटिश गायकाला घेऊन 'कॉलिंग ऑल स्टेशन्स' काढला. या वेळी संगीत बहुतेक आधीच ठरलेले होते आणि विल्सन त्यात उशिरा बसवला गेला. तिकिटे खपेनात म्हणून अमेरिकेचा दौरा रद्द झाला, आणि त्याच्यासोबत पुढचा अल्बम कधी निघालाच नाही.

एक अडचण मात्र लपवता येणार नाही. 'येस'ने जॉन डेव्हिसनला 2014 च्या 'हेवन अँड अर्थ'मध्ये रचनेत भरपूर वाटा दिला, आणि तो अल्बम त्यांच्या सर्वांत निस्तेज अल्बमांपैकी एक निघाला. गायकाला कर्तेपण दिले की संगीत आपोआप चांगले होते, असे मला म्हणायचे नाही. परंतु तो अल्बम वाईट असण्याचा दोष डेव्हिसन स्वतःच्या नावाने घेऊ शकतो, आणि 2021 चा 'द क्वेस्ट' व 2023 चा 'मिरर टू द स्काय' यांतून झालेल्या सुधारणेचे श्रेयही. डेव्हिडला यश आणि अपयश दोन्ही उसने मिळाले.

आता नावाकडे येऊ. नावाचा वाद 'येस'मध्ये जुनाच आहे. 1989 मध्ये अँडरसनने तीन जुन्या साथीदारांसह अल्बम केला, तेव्हा 'येस' हे नाव स्क्वायरच्या गटाकडे असल्यामुळे त्यांना चौघांची आडनावे एकापुढे एक लावून काम भागवावे लागले. 2017 पासून काही काळ तर दोन 'येस' एकाच वेळी फिरत होते. अँडरसनच्या गटाने आपल्या नावात 'येस' घालून पुढे तिघांची नावे जोडली होती. यावर हसणे सोपे आहे, पण मला तो प्रकार प्रामाणिक वाटतो. 2008 मध्ये डेव्हिड आला तेव्हाच्या पहिल्या दौऱ्याच्या जाहिरातींवरही 'येस'मधील हाऊ, स्क्वायर आणि (ड्रमवादक) व्हाइट अशी तिघांची नावे होती. पुढे ती गळाली आणि नुसते 'येस' उरले. त्या तिघांच्या नावांपुढे चौथे, डेव्हिडचे, जोडायला हवे होते.

तमाशाच्या फडांनी हे फार पूर्वी सोडवले आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत फडांच्या राहुट्यांवरचे फलक पाहावेत. 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर', 'मंगला बनसोडे सह नितीनकुमार बनसोडे' अशी नावे केवळ लांबलचक नाहीत. फड कोणी उभा केला, आज कोण चालवतो, आई कोण आणि मुलगा कोण, हे तिकीट काढणाऱ्याला फलकावरच कळते. जुन्याची पत नव्याला मिळते आणि नव्याची जबाबदारीही फलकावरच लिहिलेली असते. विठाबाई नारायणगावकरांच्या लेकीचा फड म्हणून मंगलाताईंकडे पाहायला येणारा प्रेक्षक त्यांनी विठाबाईंची नक्कल करावी म्हणून येत नाही. भजनापासून फडापर्यंतची ही रीत शिकलेल्या समाजाला रॉक बँडच्या नावाचे कोडे पडू नये.

तरी ते पडते, कारण आपली दुसरी सवय या रीतीच्या आड येते. गणेशोत्सवात नांदेड, परभणी, जालना येथील मंडळे ऑर्केस्ट्रा ठरवतात तेव्हा पहिली विचारणा असते ती किशोरकुमारसारखा कोण गातो याची. सूत्रसंचालक गायकाची ओळख स्वतःच्या नावाने न करता कोणाचा तरी 'प्रति' म्हणून करून देतो आणि टाळ्या त्या साम्याला पडतात. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या गॅदरिंगमध्ये गिटार घेऊन उभी राहणारी मुले स्वतःची चाल वाजवू लागली की मागच्या रांगांतून गाजलेल्या गाण्याची फर्माईश येते, आणि पुढच्या वर्षी ती मुले फर्माईश होण्याआधीच ते गाणे बसवून येतात. डेव्हिडसारखे गायक अशाच टाळ्यांतून तयार होतात. ते आधी नकलेसाठी वाखाणले जातात आणि नंतर नक्कल म्हणूनच नाकारले जातात. दोन्ही वेळा न्याय करणारे श्रोते तेच असतात.

येथे हौशी रसिक एक आक्षेप घेतात: आम्ही पैसे मोजतो ते ज्या आवाजासाठी, तो मिळत नसेल तर आमची फसवणूक होत नाही का? होते, जर फलकावर खरे लिहिले नसेल तर. म्हणून अपेक्षा फलकाकडून करावी, नव्या गायकाच्या गळ्याकडून करू नये. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या महोत्सवांच्या पत्रिकांवर जुन्या चमूच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत आज प्रत्यक्ष कोण गाणार हे छापावे, आणि अशा प्रत्येक कार्यक्रमात निदान एक रचना त्या गायकाची स्वतःची असावी, ही अट घालणे आयोजकांना अवघड नाही. गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपनीही बँडच्या नावाखाली त्या अल्बमवरील गायकाचे नाव पहिल्या पडद्यावर दाखवावे. आज ते श्रेयनामावलीत शिरून शोधावे लागते, आणि शोधणारे फार थोडे असतात.

'फ्लाय फ्रॉम हिअर' ऐकू इच्छिणाऱ्यांनी 2011 ची आवृत्ती आधी ऐकावी असे मी सुचवीन. मोठ्या रचनेतील 'सॅड नाइट अ‍ॅट द एअरफील्ड' या खंडात डेव्हिड अँडरसनच्या वाटेला जात नाही; संथ गिटारच्या साथीने तो शब्द जवळजवळ बोलल्यासारखे सुरू करतो आणि चाल जिथे उघडते तिथे आवाज हळूहळू मोकळा सोडतो. 2018 मध्ये तोच खंड हॉर्न गातो तेव्हा शब्द अधिक जाणते वाटतात, कारण ते त्याचेच आहेत, पण तो मोकळेपणा कमी होतो. दोन्ही गायन आपापल्या जागी उभी राहतात, आणि दोघांपैकी कोणाचेही अँडरसनसारखे नाही.